जुन्या ट्रॉल्यांवर ताडपत्री नको

संपादक महोदय,

रूळ तपासणीच्या जुन्या ढकलट्रॉल्या कोकणात जतन करायच्या, तर नुसता रंग पुरत नाही. खाऱ्या वाऱ्याचे मीठ लोखंडावर राहिले की रंगाला फोड येतात आणि आत गंज वाढतच राहतो. तारेच्या ब्रशने खरवडून गोड्या पाण्याने धुवावे, पूर्ण सुकताच प्रायमर लावावा, मग रंगाचे दोन हात. प्लॅस्टिकची ताडपत्री तर नकोच, आत दमटपणा कोंडतो. वर छप्पर, बाजू मोकळ्या. पावसाआधी बेअरिंगमध्ये ग्रीस भरावे.

आणि चाकाजवळचा इन्सुलेशनचा तुकडा भंगार समजून कृपया फेकू नका! ट्रॅक सर्किट (रुळांतून सौम्य वीज सोडून गाडी ओळखणारी यंत्रणा) असलेल्या मार्गावर त्याच्यामुळेच ट्रॉली दोन्ही रूळ विजेने जोडत नसे, सिग्नल उगाच लाल होत नसे. हा भाग प्रेक्षकांना मुद्दाम दाखवावा.

— एक वाचक, रत्नागिरी