टेप ड्राइव्हचा आवाज ऐकून अडचण ओळखणाऱ्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

घरच्या डेस्कटॉपला एलटीओ-५ टेप ड्राइव्ह (चुंबकीय टेपच्या कार्ट्रिजवर डेटा लिहिणारे यंत्र; ५ हा त्याच्या पिढीचा क्रमांक) जोडून छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि स्कॅन केलेली कागदपत्रे टेपवर जतन करण्याचे माझे काम आपल्यामुळे मार्गी लागले, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे, की घरी टेप ड्राइव्ह वापरू पाहणाऱ्याला विचारायला जाणकार माणूस सहसा सापडत नाही आणि आपण सांगितलेल्या गोष्टी अशा प्रत्येकाच्या उपयोगी पडतील.

जोडणीचा प्रश्न आपण थोडक्यात सोडवलात. सॅस जोडणी (सर्व्हरमध्ये डिस्क आणि टेप ड्राइव्ह जोडण्याची पद्धत) घरगुती मदरबोर्डवर सहसा नसते, म्हणून रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) न घेता साधे, फक्त जोडणी पुरवणारे एचबीए कार्ड बसवा, आणि सर्व्हरमधल्या जोरदार हवेच्या भरवशावर बनलेला हा ड्राइव्ह डेस्कटॉपमध्ये तापतो, तेव्हा त्याला वेगळा पंखा द्या, असे आपण सांगितलेत.

खरी अडचण त्यानंतर आली. लेखन सुरू झाले की ड्राइव्ह काही क्षण एका सुरात चाले, मग थांबे, घरघरत मागे जाई आणि पुन्हा पुढे सरके. स्क्रीनवर मात्र एकही त्रुटी दिसत नसे. आपण फोन ड्राइव्हजवळ धरायला सांगितलात, थोडा वेळ ऐकलेत आणि म्हणालात, ‘ड्राइव्ह ठणठणीत आहे, त्याला डेटा पुरत नाहीये.’ एलटीओ-५ ड्राइव्ह सेकंदाला १४० मेगाबाइटपर्यंत लिहू शकतो, तर हार्ड डिस्कवरच्या असंख्य छोट्या फायली वाचताना तिचा वेग फारच पडतो. ड्राइव्ह काही मर्यादेपर्यंत स्वतःचा वेग कमी करून घेतो. पण पुरवठा त्याहूनही मंदावला की टेप थांबवावी लागते, आणि धावती टेप जागच्या जागी थांबत नसल्यामुळे ती मागे घेऊन पुन्हा वेग धरावा लागतो. यात वेळ तर जातोच, शिवाय टेप आणि हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्ही झिजतात, हे आपण इतक्या शांतपणे समजावलेत की पुढचा उपाय मला पाठ करावा लागला नाही. टार (फायली एकत्र बांधून सलग पाठवणारा प्रोग्राम) आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये एमबफर (डेटा आधी मेमरीत साठवून मग पुढे देणारा प्रोग्राम) ठेवायचा, त्याला काही गीगाबाइट मेमरी द्यायची आणि ती बहुतांश भरल्यावरच लेखन सुरू करायचे. आता ८४६ मीटरची ती टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग धावते, आणि दिशा बदलतानाचा छोटासा खंड तेवढा ऐकू येतो.

लिनक्समध्ये एसटी-० या नावाने ड्राइव्ह वापरला तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते आणि पुढचे लेखन आधीच्या लेखनावर होते, म्हणून एकाच टेपवर अनेक संच ठेवताना टेप न गुंडाळणारे एनएसटी-० हे नाव वापरायचे, हे आपण पहिली टेप घालण्यापूर्वीच माझ्याकडून वदवून घेतलेत. वेष्टनावरचे ३ टेराबाइट दाबून (कॉम्प्रेस करून) बसवलेल्या डेटाचे असतात आणि छायाचित्रे आधीच दाबलेली असतात, त्यामुळे हिशेब १.५ टेराबाइटचाच धरावा, ही सूचनाही तशीच वेळेवर मिळाली. एलटीएफएस या टेपवर फायली मांडण्याच्या पद्धतीमुळे टेप फोल्डरसारखी उघडते, याचे मला फार आकर्षण होते. मात्र तिथे पुसलेल्या फाइलची जागा मोकळी होत नाही आणि विखुरलेल्या छोट्या फायली उघडताना टेप सारखी मागेपुढे धावते, हे दाखवून देऊन आपण ती पद्धत मोठ्या व्हिडिओंपुरती ठेवायला सांगितलीत. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो.

आपल्या एका आग्रहाबद्दल मी विशेष ऋणी आहे. लिहिलेली टेप पूर्ण परत वाचून चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळल्याखेरीज मूळ फायलींना हात लावायचा नाही, असे आपण बजावलेत आणि प्रत्येक टेपनंतर ‘जुळले का?’ असे आवर्जून विचारलेत. स्वतःच्या कामातून वेळ काढून दुसऱ्याच्या फायलींची इतकी काळजी करणारी माणसे विरळाच.

आपल्या सांगण्यानुसार प्रत्येक कार्ट्रिजवर पिढी, ब्लॉकचा (एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा) आकार आणि लेखनाची पद्धत नोंदवली आहे. एलटीओ-५ टेप एलटीओ-७ पर्यंतचेच ड्राइव्ह वाचू शकतात, तेव्हा पुढे नव्या पिढीच्या टेपवर नक्कल करण्याची वेळ कधी आणायची, हेही त्याच नोंदवहीत लिहून ठेवले आहे. दुसऱ्या पत्त्यावर ठेवायच्या संचाचे लेखन सध्या सुरू आहे. त्याची पडताळणी झाली की निकाल आपल्याला कळवीनच.

आपला कृतज्ञ,
टेपवर लिहायला आपल्याकडून शिकलेला एक विद्यार्थी