सूचना : हुकचं काम एजंटकडे देण्याआधी
सर्व सदस्यांसाठी,
गिटहबवरच्या रिपॉझिटरीचे (कोडच्या साठ्याचे) वेबहुक, म्हणजे तिथे काही बदललं की दुसऱ्या सर्व्हरला आपोआप कळवणारे हुक, एआय एजंटकडून (आपणहून कामं करणाऱ्या एआयकडून) बनवून घेणारे आता बरेच झालेत. जरूर घ्या, पण एजंटला दिलेल्या टोकनला (प्रवेशाच्या किल्लीला) लागेल तेवढीच परवानगी द्या. आधी असलेल्या हुकची यादी मागवा. एखादा हुक काढून टाकण्यापूर्वी एजंटने विचारलंच पाहिजे. वेबहुकचं सीक्रेट (गुप्त शब्द) चॅटमध्ये चिकटवू नका. गिटहबला १० सेकंदांत उत्तर मिळालं नाही, तर डिलिव्हरी (वेबहुकने पाठवलेला संदेश) फसली असं धरलं जातं आणि ती आपोआप पुन्हा पाठवली जात नाही. म्हणून बदल केल्यावर डिलिव्हरीची नोंद स्वतः बघा.

आणि हो, लोकल प्री-कमिट हुक (बदल नोंदवण्याआधी आपल्याच संगणकावर चालणारी तपासणी) वेगळे. ते क्लोनबरोबर (रिपॉझिटरीची प्रत उतरवताना) येत नाहीत, शिवाय कमिटच्या आज्ञेला ‘नो-व्हेरिफाय’ हा पर्याय लावून एजंट ते सहज टाळू शकतो (टाळतोही!). महत्त्वाची तपासणी सर्व्हरवरच ठेवा.