'एकदम शोरूम' झालेलं पिस्तूल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तू नव्यासारख्या करून देणाऱ्या कारागिरांवर लेख आला होता. तांब्याचे बंब, लाकडी पेटीतले रेडिओ, हातमागाच्या सुट्या भागांचे दिवे, सगळं आवडीने वाचलं. शेवटच्या फोटोत मात्र सोनेरी मुलामा चढवलेलं एक परवान्याचं पिस्तूल होतं आणि खाली 'आजोबांच्या ठेव्याला नवं रूप' अशी ओळ होती. त्या ओळीमुळे लिहायला बसलो, कारण असलं नवं रूप आमच्या घरीही येऊन गेलंय.

आमचं पिस्तूल कोल्ट कंपनीचं, 1903 चं मॉडेल, .32 बोअर. रचना जॉन ब्राउनिंगची. काडतुसावर आघात करणारा घोडा स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या पोलादी भागाच्या, पोटात लपवलेला, त्यामुळे खिशातून काढताना कुठे अडकत नाही. मुठीच्या पाठीला एक दाबपट्टी आहे. ती तळहाताने पुरती दाबल्याशिवाय चाप चालत नाही. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या. आजोबा 1946 साली फौजेतून सुभेदार म्हणून परतले, त्याच सुमारास मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ते रीतसर परवाना काढून घेतलं. वडील त्याला 'जनरलचं पिस्तूल' म्हणायचे आणि आम्ही भावंडं तोंड लपवून हसायचो. पुढे कळलं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात जनरल हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना खरंच हे मॉडेल देत. वडील तोवर गेले होते.

खरी लढाऊ पिस्तुलं, म्हणजे .45 चं 1911 किंवा आपल्या सैन्याचं 9 मिलिमीटरचं, तुमच्याआमच्या परवान्यावर मिळत नाहीत. ती बोअर निषिद्ध. म्हणून आपल्याकडच्या हौशी माणसाची धाव .32 पर्यंत. संग्रह म्हणाल तर शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. आमच्या चुलत्यांनी तिसरी, बारा बोअरची, जमा केली त्या रात्री ते जेवले नाहीत.

2019 च्याच ऑगस्टमध्ये कृष्णा गावात आली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बोटीतून बाहेर पडलो. पिस्तूल तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात, कुलपात राहिलं. परत आलो तेव्हा कपाट आडवं झालेलं आणि खणात चिखल असा भरलेला, जणू कुणी मळून बसवलाय. काडतुसं पंचनाम्यानंतर जमा केली. पिस्तूल रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. स्लाइडवर तांबड्या गंजाची बोटभर चट्टी उठली होती, मुठीच्या अक्रोडाच्या पट्ट्या फुगून एक मधोमध उकलली होती. पण पोलादावरची मूळ काळीनिळी झाक, म्हणजे निळाई, बरीच शाबूत होती.

मी बत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे-अवजारं घडवण्यात काढली. मला कळायला हवं होतं. पण घर धुवायचं, आईची औषधं, दुकानदारांची उधारी या गडबडीत मी ते एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे सोपवलं आणि तोंडी एवढंच म्हणालो, "गंज काढा." तीन आठवड्यांनी त्यांनी पिवळ्या फडक्यातून ते बाहेर काढलं. "काका, एकदम शोरूम करून दिलंय बघा!"

निकेल केलं होतं. लग्नाच्या बँडमधल्या ट्रम्पेटसारखं चकाकत होतं.

ज्यांना यात काय बिघडलं असं वाटेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळ्यानिळ्या रंगाला ब्लूइंग म्हणतात, पण तो रंग नव्हे. पोलादाच्याच अंगावर मुद्दाम आणलेला तो काळा ऑक्साइड, केसाहूनही कितीतरी पातळ. निकेल चढवायचं तर आधी तो साफ उतरवून धातू उघडा करावा लागतो, आणि ते काम बफाच्या चाकावर होतं. कापडी चाक मऊ असतं, ते खाचेत शिरतं. अक्षरांच्या कडा गोल होतात, पिनांची भोकं बशीसारखी पसरतात, सपाट बाजूला उजेडात धरलं की पाण्यावरच्या लाटा दिसतात. आमच्या स्लाइडवरचा कोल्टच्या छापाचा, पुढचे पाय उचललेला घोडा आता मेंढरू झालाय. नळीच्या तोंडाशी आजोबांच्या चामडी म्यानाने घासून पांढरी पडलेली जागा होती, ती गेली. जगभरचे संग्राहक झिजलेल्या मूळ निळाईला मोजतात आणि नव्या चकाकीची किंमत पाडतात ते याचमुळे: झीज एकदा पुसली की ती परत आणता येत नाही.

गंजावर उपाय होता. तेल लावून पितळेच्या पट्टीने हळूहळू खरवडलं असतं तर खालची निळाई पुष्कळ वाचली असती. मुरलेला तांबडा गंज शुद्ध पाण्यात उकळला की काळा होतो, मग तो बारीक ब्रशने पुसता येतो. वेळ लागतो, दिसायला फारसं काही होत नाही आणि त्यामुळे गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुरतं. दुरुस्तीवाल्याचाही अगदीच दोष नाही म्हणा. चकाकी मागणारे आपणच.

पुढचा ताप परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी झाला. बफाने पिस्तुलावरचा नंबरही पुसट केला होता आणि शेवटचा आकडा 3 की 8 हे लागेना. शस्त्र कायद्याच्या 8 व्या कलमाप्रमाणे ओळखीचा नंबर खोडणं, काढणं, बदलणं हा गुन्हा. तपासणाऱ्या हवालदारांनी बॅटरी धरली, भिंग आणलं, मग माझ्याकडे पाहिलं. वयाच्या 66 व्या वर्षी माझ्याकडे तसं कुणी पहिल्यांदाच पाहिलं. आजोबांच्या वेळच्या परवान्याचं जीर्ण पुस्तक घरात वरच्या माळ्यावर होतं म्हणून पुरात वाचलं. त्यावर नंबर जुळला आणि सात-आठ हेलपाट्यांनंतर शिक्का बसला.

मुठीच्या पट्ट्या मात्र मी मिरजेला नेल्या, एका सतारमेकर मित्राकडे. सुट्या लाकडी पट्ट्याच, हत्यार नव्हे. मिरजेच्या तंतुवाद्यांचं मूळ शिकलगारांत आहे हे आपल्या तरुण वाचकांना ठाऊक असेलच असं नाही. तलवारी, भाले घासूनपुसून ठेवणारी ही मंडळी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम ओसरलं तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी सतार-तंबोऱ्याला हात घातला. माझी हौस अशी, की शिसवीच्या नव्या पट्ट्या कराव्यात, वर थोडी हस्तिदंती दिसणारी नक्षी. मित्राने उकललेली पट्टी उजेडाला धरली, चौकड्यांच्या खाचांवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "हे फेकायचं नाही. सुतारकाम नको, औषधपाणी पुरे." फट त्याने आतून सांधली, लाखेचा हात बाहेरून एकदाच, तोही कापसाच्या बोळ्याने. एका खाचेत तांबूस काहीतरी होतं. त्याने विचारलं, काढू का? ते कुंकू होतं. दर खंडेनवमीला आजी लावायची ते. राहू दे म्हणालो.

तेव्हा ज्यांच्या घरी असा ठेवा आहे त्यांना एवढीच विनंती: दुरुस्तीला देताना काय करायचं नाही ते कागदावर लिहून द्या, 'बफ नको, मुलामा नको', आणि नंबराचा फोटो आधी काढून ठेवा. कुंकू धातूला लावू नका, ओलाव्याने तिथेच गंज धरतो. आम्ही आता विड्याच्या पानाला लावून पान शेजारी ठेवतो.

सोबत दोन फोटो पाठवतोय, नंबर झाकून. एक 2018 च्या खंडेनवमीचा, एक आत्ताचा. जागा एकाचीच असेल तर जुना छापावा.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
गावभाग, सांगली