मुदतीबाहेरचे पत्र

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
9 नोव्हेंबर 2025

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. माझी शुगर गोळ्यांवर आहे, आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, कापसाचा दुसरा वेचा सुरू आहे. दोन वर्षे तुला पत्र नाही आणि पोळ्याला केलेला फोनही दोन मिनिटांचा, याबद्दल माझ्यावर रागव. पण हे पत्र मात्र पूर्ण वाच, कारण गेल्या आठवड्यात जे झाले ते तुझ्याशिवाय कोणाला समजणार नाही.

वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर पत्रिका आली. पुढच्या महिन्यात त्याचा, आपल्या वसतिगृहाच्या त्या अधीक्षकाचा, सत्कार आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि प्रत्येकी 500 रुपये वर्गणी. मी धुऱ्यावर बसून त्याचा फोटो मोठा करून पाहिला. केस पांढरे झाले आहेत आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा नाही. तो जुडगा वाजला की खाटांच्या दोन्ही रांगांतील मुले एकदम झोपेचे सोंग घेत, आणि मग बॅटरीचा उजेड एकेका मच्छरदाणीवरून सरकत येई. त्या दिवशी मजुरांना पाणी पाजायचेही मी विसरलो.

तिसऱ्या दिवशी दारव्ह्याला जाऊन एका वकिलांना भेटलो. 32 वर्षांत प्रथमच ती गोष्ट मी माणसासमोर मोठ्याने बोललो. त्यांनी कारकुनाला चहा आणायला पाठवले, दार लोटले आणि तीनच प्रश्न विचारले: साल कोणते, वय किती होते, आणि त्याने नेमके काय केले. फिर्यादीची सगळी मुदत या तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

ते म्हणाले, 1993 साली पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदाच नव्हता. तो 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 प्रमाणे तो मागच्या गुन्ह्यांना लावता येत नाही. भारतीय दंड संहितेचे विनयभंगाचे कलम 354 फक्त स्त्रियांसाठी होते. आपण मुलगे असल्यामुळे, जे माझ्या बाबतीत घडले ते फार तर अंगावर हात टाकणे किंवा साधी इजा, या कलमांत बसते. ज्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद, त्याची दखल घेण्याची मुदत गुन्हा घडल्यापासून 1 वर्ष. ज्याला 3 वर्षांपर्यंत कैद, त्याची 3 वर्षे. हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 468, आणि आता आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 514 आहे. बळी पडलेला मूल असला तरी हे घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणजे गजू, सातवीत असतानाच माझी मुदत संपून गेली होती. ज्या गोष्टीला नाव असते हेसुद्धा मला माहीत नव्हते, तिच्याबद्दल फिर्याद करण्याचा काळ मी पाढे आणि प्रार्थना म्हणण्यात घालवला.

नुकसानभरपाईचा दिवाणी दावा तरी? तिथे 1963 चा मुदतीचा कायदा अल्पवयीन मुलाला थोडी सवलत देतो, पण वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावर जास्तीत जास्त 3 वर्षे. माझी ती तारीख 2003 मध्ये गेली. तेव्हा मी यवतमाळला डी.एड. करत होतो आणि खोलीचे दार आतून लावल्याशिवाय मला झोप येत नव्हती. दावा कशाला म्हणतात हे कोणी सांगितले असते तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. विलंबाचे कारण पटले किंवा न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटले तर फौजदारी न्यायालय कलम 473 खाली उशीर माफ करू शकते, हेही वकिलांनी सांगितले. पण इतक्या लहान कलमासाठी 32 वर्षांचा उशीर माफ होईल अशी आशा ते मला देऊ शकले नाहीत.

यानंतर त्यांनी जे सांगितले त्यासाठीच हे पत्र आहे. 3 वर्षांहून अधिक कैदेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. दंड संहितेचे जुने कलम 377 तसे होते: 10 वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. नव्या न्याय संहितेत ते उरलेले नाही, तरी 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो. त्यात कोणते कृत्य बसते ते मी इथे लिहीत नाही. तेव्हा मला तुझी खाट आठवली, दाराजवळची, पहिली.

तू दिवाळीच्या सुटीनंतर परतलाच नाहीस. मला न सांगता गेलास म्हणून मी तुझ्याशी बारावीपर्यंत अबोला धरला, आणि आपल्या सुभाषच्या लग्नाच्या पंगतीत सर्वांसमोर तुला "पळपुटा" म्हणालो. तू हसून म्हणालास की वसतिगृहाच्या वरणात बुडी मारूनही डाळ सापडेना म्हणून पळालो. सगळे हसले, मीही हसलो. तुझी खाट नंतर मला मिळाली होती, तेव्हा तू का गेलास हे मला सर्वांआधी कळायला हवे होते, तरीही मी तुला एकदाही विचारले नाही. त्या शब्दाबद्दल मी आज तुझी क्षमा मागतो.

आजही मी विचारत नाही. माझी बाजू मुदतीत बसत नाही म्हणून तू तुझी जखम उघडी करावी, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? तू जबाब दिलास तर मी प्रत्येक तारखेला तुझ्याबरोबर येईन. दिला नाहीस तर हा विषय माझ्याकडून पुन्हा निघणार नाही.

मला राग कायद्यातील त्या हिशेबाचा येतो, ज्यात मुलाने गुन्हा घडताच मोठ्या माणसासारखे शहाणे व्हावे असे गृहीत धरले आहे. न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये बालपणीच्या लैंगिक अत्याचारांच्या दिवाणी दाव्यांसाठी मुदतीचे दार वर्षभर उघडले आणि करोनामुळे ते ऑगस्ट 2021 पर्यंत उघडे ठेवले. 10,000 हून अधिक दावे दाखल झाले, त्यांत म्हातारी माणसेही होती. ते सगळे इतकी वर्षे आपल्यासारखेच सोंग घेऊन पडले असतील. आपल्याकडेही पॉक्सोखालच्या तक्रारीला कालमर्यादा नाही असे विधी मंत्रालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले, पण त्या कायद्यानंतर जन्मलेल्या गुन्ह्यांपुरतेच ते आपल्या कामाचे. माझ्या शाळेच्या भिंतीवर 1098 हा मुलांच्या मदतवाहिनीचा आकडा मी स्वतः रंगवला आहे. रंगवताना आठ इंच उंचीचा घेतला होता. पहिलीच्या मुलांना खालून दिसेना म्हणून पुसून पुन्हा मोठा काढला.

सोनूची दहावी आहे ना यंदा? तिला आशीर्वाद. चाकणची नोकरी पक्की झाली हे सुभाषकडून कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. हे पत्र त्यांच्या हाती पडू द्यायचे की नाही ते तू ठरव. मी माझ्या घरी परवाच सांगितले.

वर्गणी मी भरलेली नाही. गट मात्र सोडलेला नाही. तो 2016 मध्ये निवृत्त झाला, म्हणजे पॉक्सो आल्यानंतरही साडेतीन वर्षे त्याच रांगांमधून फिरत होता, आणि त्या वर्षांतील मुलांचे नंबर त्या गटावर आहेत. ती आता विशी-पंचविशीची असतील. त्यांना काही विचारायचे नाही, आधी माझे सांगायचे, असे मी ठरवले आहे. रविवारपासून सुरुवात करीन.

तुझा,
सुधाकर