जुन्या वाड्यांना चुनाच हवा

वाईतील आमच्या वाड्याला मुलाच्या लग्नासाठी २०१८ साली प्लास्टिक पेंट लावला. दुसऱ्याच पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला फोड आले आणि पोपड्यांबरोबर खालचा चुन्याचा गिलावाही हातात आला. विटा-मातीच्या भिंती जमिनीतली ओल ओढतात आणि उन्हाळ्यात बाहेर टाकतात. चुना ती वाट मोकळी ठेवतो, प्लास्टिकचा थर ती बंद करतो. हे मला फार उशिरा कळले.

गेल्या दिवाळीआधी सगळा रंग खरवडला. कळीचा चुना पिंपात १५ दिवस भिजवला, फडक्यातून गाळला, डिंकाचे पाणी घातले. भिंत ओली करून ताकाइतके पातळ तीन हात दिले. दाट हात दिला तर तो भुकटी होऊन कपड्यांना लागतो, असे आई नेहमी सांगायची. ओटीला पिवडी, खालच्या पट्ट्याला गेरू. यंदा श्रावणात माजघर कोरडे राहिले!

मात्र चुन्याचा हात येणारा रंगारी शोधायला तीन महिने गेले. भेटले ते सत्तरीचे, आणि त्यांच्या हाताखाली कोणी नाही. आयटीआयच्या रंगारी अभ्यासक्रमात चुनाकाम शिकवावे, आणि ते शिकवायला अशाच कारागिरांना मानधन देऊन बोलवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वाई