किल्ला परंड्यात, गर्दी बार्शीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या शहरांनी पर्यटक कसे ओढावेत, यावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. कमानी, कारंजी, सेल्फी पॉइंट सगळं आलं. आम्ही खेड्यातून येणारे तेवढे राहिलो.

मी परंडा तालुक्यातला. आमच्याकडे नावाजलेला भुईकोट किल्ला आहे. विजापूरची मुलुखमैदान तोफसुद्धा इथूनच गेलेली. जिल्ह्याचं ठिकाण धाराशिव. तरी घरात काही काम निघालं की पाय वळतात बार्शीकडे, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात. 1897 मध्ये कुर्डुवाडीहून तिथे छोटी रेल्वे आली, भुसाराच्या पेठेला बळ मिळालं. आता छोटी लाइन जाऊन मोठी आली, पण आमची खेप काही चुकली नाही.

कारण एका खेपेत चार कामं उरकतात. यार्डात तूर घालायची, आडत्याकडून पट्टी घ्यायची, जळालेली मोटार भरायला टाकायची, आईला डॉक्टरांना दाखवायचं आणि वेळ उरला तर भगवंताचं दर्शन. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीत सुरू झाली, तीत परंडा आणि भूम तालुक्यांतलीही गावं धरली. आमची माणसं दुखणं घेऊन कुठे येतात, हे त्या मंडळींना तेव्हाच ठाऊक होतं.

आमच्या घरातले तिन्ही बस्ते एकाच दुकानात बांधले. माल सगळीकडे सारखाच. पण ते शेठ बायकांवर विचारायची पाळी येऊ देत नाहीत. मागच्या बाजूला स्वतःच्या घरातलं संडास-बाथरूम आधीच दाखवून ठेवतात. म्हाताऱ्यांना गादीवर आडवं होऊ देतात. मग लुगड्यामागे वीस रुपये जास्त गेले तरी आमची ही एका शब्दाने घासाघीस करत नाही. (एरवी कोथिंबिरीच्या जुडीलाही करते.)

तेव्हा बाजाराच्या कुठल्याही गावाने कारंजं जरूर बांधावं, पण आधी पेठेत पाणी असलेलं बायकांचं स्वच्छतागृह, टेकायला सावली आणि दिवेलागणीनंतर आसपासच्या गावांना जाणारी एखादी एसटी बघावी. शेवटची गाडी चुकेल म्हणून अर्ध्या बस्त्यातून उठलेली वऱ्हाडं मी पाहिली आहेत. शेठ उलगडलेलं नऊवारी हातात धरून तसेच बसलेले, आणि नवरीची मावशी पिशवी सावरत स्टँडकडे पळतेय.

आपला,
एक वाचक, ता. परंडा