केसगळतीचा दोष पाण्याला देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्यातल्या त्वचारोग विभागांत केस गळण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांची रांग वाढते. त्यातल्या बऱ्याच जणांनी निदान घरूनच करून आणलेले असते : पाणी. वाघोली, उंड्री, पिसोळी, हिंजवडी या भागांतल्या अनेक सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवर चालतात. तोट्या क्षाराने पांढऱ्या पडतात, साबणाला फेस येत नाही, त्यामुळे संशय तिकडे जाणे साहजिक आहे. पण या संशयापायी आधी शॉवरचा फिल्टर बदलतो, मग तेल, मग शांपू, आणि डॉक्टरकडे यायला सहा-आठ महिने जातात. काही प्रकारच्या केसगळतीत एवढ्या काळात कायमचे नुकसान झालेले असते.

पाण्याची नेमकी गोष्ट अशी. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसाच्या पृष्ठभागावर बसतात. केस राठ होतो, गुंततो आणि विंचरताना मधूनच तुटतो. केसाचे मूळ मात्र त्वचेच्या आत असते आणि रक्तावर पोसले जाते. डोक्यावरून वाहून गेलेल्या पाण्याने ते मरत नाही. खडकवासल्याचे पाणी तुलनेने मऊ, म्हणून पेठेतून वाघोलीला राहायला गेलेल्या माणसाला केसांत फरक जाणवतो हे खरे. पण तो फरक केस तुटण्याचा आहे, टक्कल पडण्याचा नव्हे.

यावर खर्च करायचाच असेल तर डोळसपणे करावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असे म्हटले आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. टीडीएस मीटर हा जडपणा मोजत नाही, तो सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. शॉवरला लावायचा मुठीएवढा फिल्टर फार तर क्लोरीन कमी करतो. जडपणा काढायला रेझिनचा सॉफ्टनर लागतो आणि ते रेझिन वरचेवर मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो, म्हणून टीडीएसचा आकडा जवळजवळ तसाच राहतो आणि लोक यंत्र बिघडले म्हणून तक्रार करतात. त्यापेक्षा शेवटचे दोन मग मऊ पाण्याचे घ्यावेत आणि पंधरवड्यातून एकदा ईडीटीए (क्षार पकडून धुऊन नेणारे रसायन) असलेला शांपू वापरावा. आरओमधून बाहेर टाकलेले पाणी बादलीत साठवून त्याने केस धुऊ नयेत. त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते फरशीसाठी ठेवावे.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस काही दिवसांत झडू लागले, तेव्हाही पहिला आळ पाण्यावरच आला होता. पुढे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तपास करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवले. सेलेनियम अंगात थोडेच लागते. जास्त झाले की केस आणि नखे जातात. जास्तीच्या अ जीवनसत्त्वानेही केस गळतात. ‘केसांसाठी’ म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी त्यांच्या पाकिटांवरचे घटक एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

केस तुटतो आहे की गळतो आहे, हे घरीच कळते. गळालेल्या केसाच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान पांढरी गाठ दिसते. तुटलेल्याला ती नसते. न्हाल्यानंतर एक दिवस थांबून डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतून साधारण ५० केसांची बट चिमटीत धरावी आणि मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढत न्यावी. दर वेळी पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती खरोखर चालू आहे. रोज ५० ते १०० केस जाणे हे निरोगी डोक्याचेच लक्षण आहे, आणि आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्यांना तीन-चार दिवसांचा साठा एकदम मोरीच्या जाळीवर दिसतो.

आता दिवाळीच्या गर्दीकडे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विसावतो आणि गळतो. डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड अशा तापात वाढीतले पुष्कळ केस एकदमच विसाव्यात ढकलले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. श्रावण-भाद्रपदातला ताप अश्विन-कार्तिकात कंगव्यावर दिसतो तो असा, आणि तोपर्यंत ताप विस्मरणात गेलेला असतो. बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, महिन्यात पाच-सात किलो उतरवणारे डाएट यांचेही हेच गणित. बाळ ओळखायला लागले की आईचे केस गळतात, असे घरातल्या जुन्या बायका म्हणतात. कारण वेगळे असले तरी वेळ त्यांनी बरोबर हेरली आहे. या गळतीत डोके सगळीकडून सारखे विरळ होते, पण मुळे शाबूत असतात. बहुतेकांची गळती सहा महिन्यांत थांबते. पूर्वीचा दाटपणा यायला आणखी वेळ लागतो, कारण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. या काळात पोटभर आणि प्रथिनांचे जेवण सोडून महागडे काही लागत नाही.

गळती सहा महिन्यांपुढे गेली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासावे. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेले असू शकते, विशेषतः पाळी जास्त जाणाऱ्या बायकांत. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. चहा आणि गोळी यांत निदान तासाचे अंतर ठेवावे. बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा खप पाहता सगळा महाराष्ट्र बायोटिनअभावी त्रस्त आहे असे वाटेल. प्रत्यक्षात ती कमतरता दुर्मीळ आहे. उलट या गोळ्यांमुळे काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत थायरॉइडचे आकडे चुकतात आणि नसलेला आजार दिसतो. रक्त देण्याआधी त्या निदान दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात आणि घेत होतो हे तिथे सांगावे.

सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती आनुवंशिक टकलाबाबत, कारण त्यात केस फारसे गळतच नाहीत, ते बारीक होत जातात. डीएचटी या संप्रेरकाला संवेदनशील असलेली मुळे दर फेरीला आखूड आणि पातळ केस देतात आणि शेवटी नुसती लव उरते. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि टाळू, बायकांत रुंदावत जाणारा भांग. म्हणून कंगव्यातले केस मोजण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी, त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचा, त्याच जागी भांग पाडून फोटो काढणे जास्त उपयोगी.

यावर लावायचे औषध मिनॉक्सिडिल. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचे द्रावण, एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. म्हणजे ६० मिलीची बाटली महिनाभर पुरते. दोन महिने पुरली तर मात्रा अर्धीच पडते आहे. बायकांना बहुधा २ टक्के दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फोम एकदा देतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते वापरू नये. औषध केसांना नव्हे, डोक्याच्या कोरड्या कातडीला लावायचे. चार तास डोके धुवायचे नाही, आणि झोपण्याच्या निदान दोन तास आधी लावायचे, नाही तर उशीवरून चेहऱ्याला लागून तिथे लव वाढते. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते. जुने केस नव्यांना जागा देतात. नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ लोक बाटली फेकून देतात. फरक चार ते सहा महिन्यांनी दिसतो, आणि बंद केले की मिळवलेले तीन-चार महिन्यांत जाते. खाज सुटली तर ती बहुधा द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलची असते, फोम चालतो. घरात मांजर असेल तर फार जपावे, तिला हे औषध जिवावर बेतू शकते.

पुरुषांसाठी फिनास्टेराइडची रोज १ मिलिग्रॅमची गोळी डीएचटी कमी करते. काहींना कामेच्छा किंवा ताठरता कमी झाल्याचा, काहींना उदासपणाचा त्रास होतो, म्हणून ऑनलाइन प्रश्नावली भरून ती मागवू नये. प्रोस्टेटची पीएसए चाचणी करताना गोळी चालू असल्याचे सांगावे. आकडा निम्म्यावर आलेला असतो. गरोदर स्त्रीने या औषधाच्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

तेलाने मालिश जरूर करावी. खोबरेल केसात मुरते आणि धुताना होणारी झीज कमी करते. पण मुळाला ते खत घालत नाही, आणि कोंडा असताना रात्रभर ठेवलेल्या तेलावर कोंड्याची बुरशी पोसते. कोंड्याला आठवड्यातून दोनदा किटोकोनॅझोल २ टक्के शांपू, तीन ते पाच मिनिटे ठेवून. हेल्मेटने टक्कल पडते ही आपल्या शहराची लाडकी सबब आहे, तिला आधार नाही. आतून सुती रुमाल बांधावा आणि अस्तर धुवावे, एवढे पुरते. घट्ट पोनी किंवा रोजचा ताणलेला अंबाडा मात्र कानशिलावरचे केस खरोखर उपटतो.

थांबू नये अशा तीन गोष्टी. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा म्हणजे चाई. ती किड्याने खाल्लेली नसते, शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते. लसूण किंवा कांदा घासून कातडी भाजून घेऊ नये. लहान चट्टे वर्षभरात पुष्कळदा आपोआप भरतात. नाही तर चट्ट्यात दर चार ते सहा आठवड्यांनी स्टेरॉइडची सूक्ष्म इंजेक्शने देतात. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या आणि खुंट असलेला चट्टा दिसला तर ते बहुधा गजकर्ण. ते नुसत्या मलमाने जात नाही, कारण बुरशी केसाच्या आत असते. काही आठवडे पोटातून औषध लागते आणि दुकानातले स्टेरॉइडमिश्रित मलम ते बळावते. तिसरे, जळजळ होऊन कातडी चकाकू लागली आणि केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली, तर तिथे पुन्हा केस येत नाहीत. उरलेले वाचवायचे असतात. त्यासाठी बायोप्सी लवकर हवी. ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात हे सगळे कमी खर्चात होते.

केसरोपणाबद्दल थोडे. मागच्या बाजूचे केस पुढे आणतात, नवे तयार करत नाहीत. त्यामुळे विशीत कपाळ फार खाली आणून घेतले की पुढच्या टकलासाठी साठा उरत नाही. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवू लागतात, पूर्ण फळ वर्षाने. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच बजावले आहे की हे काम शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचे आहे, कार्यशाळेत किंवा व्हिडिओवर शिकण्याचे नाही. भूल देण्याचे लिग्नोकेन अॅड्रेनॅलिनसह किलोला ७ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ६० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचे जेमतेम २१ मिली. एकाच वेळी खूप केस लावताना ही मर्यादा ओलांडली की झटके येऊ शकतात, हृदय बंद पडू शकते. टेबलाजवळ डॉक्टर कोण असेल, ऑक्सिजन आहे का, हे विचारायला लाजू नये.

केमोथेरपीत बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात. विग घ्यायचा असेल तर त्याआधीच घ्यावा, रंग आणि वळण जुळवता येते. लग्न ठरवताना ज्या घरांत मुलाच्या कपाळाची किंवा मुलीच्या वेणीची चर्चा होते, तिथे निदान मुलगा-मुलगी समोर नसताना करावी. औषध अर्धवट सोडणाऱ्यांत लग्नाच्या अशा घाईला बळी पडलेले पुष्कळ असतात.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांतल्या नियम १०६ आणि अनुसूची ‘जे’नुसार कोणत्याही औषधाला टक्कल बरे करण्याचा किंवा नवे केस उगवण्याचा दावा करता येत नाही. वर ज्याचा उपयोग सांगितला ते मिनॉक्सिडिलही याला अपवाद नाही. तरी पुरवण्यांत ‘९० दिवसांत घनदाट केस’ छापून येते आणि बाटलीवर पाहिले तर नुसते तेल असते. आपल्या जाहिरात विभागाने अशा मजकुराला नियम १०६ची चाळणी लावावी, आणि ‘आधी-नंतर’ची छायाचित्रे घेण्यापूर्वी दोन्हींत दिवा, भांग आणि केसांचा ओलेपणा सारखा आहे का, एवढे पाहावे.

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)